वाऱ्याशिवाय घडलेली गाडी

दोस्तांनो, आज आपण सहलीला जाणार आहोत. तिकीट नको, डबा नको, पाण्याची बाटली नको. फक्त घरातला ॲटलास काढा आणि इंग्लंडचं पान उघडा. लंडन सापडलं? आता तिथून बोट जरा वर आणि किंचित डावीकडे सरकवा, साधारण शंभर किलोमीटर. ऑक्सफर्ड आणि नॉर्थॅम्प्टन या दोन गावांच्या मधला जो टापू आहे ना, तिथे आपल्याला जायचंय.

तुम्ही विचाराल, तिथे पाहण्यासारखं काय आहे? खरं सांगू? वरवर पाहिलं तर काहीच नाही. डोंगर नाहीत, समुद्र नाही. हिरवी कुरणं, झुडपांची कुंपणं, चरणाऱ्या मेंढ्या आणि मधूनच एखादं दगडी घरांचं खेडं. गावाबाहेर काही बुटक्या, लांबलचक इमारती दिसतात. आपल्याकडे एमआयडीसीत असतात ना, तशाच. दारावर छोटीशी पाटी आणि आत काय चाललंय याचा बाहेर पत्ता नाही.

पण याच इमारतींमध्ये जगातल्या सगळ्यात वेगवान शर्यतीच्या गाड्या जन्माला येतात. फॉर्म्युला वन शर्यतीतल्या निम्म्याहून अधिक संघांचे कारखाने इंग्लंडमध्ये आहेत आणि त्यांतले बरेचसे याच टापूत. लोक या भागाला 'मोटरस्पोर्ट व्हॅली' म्हणतात. व्हॅली म्हणजे दरी. पण तिथे जाऊन दरी शोधाल तर मात्र सापडायची नाही, बरं का!

या टापूत काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने भलतंच धाडस केलं. शर्यतीची गाडी बनवायची, पण ती बनवताना तिला एकदाही खऱ्या वाऱ्यात उभी करून पाहायची नाही. सगळा वारा कॉम्प्युटरच्या पोटात वाहवायचा! ते धाडस कसं झालं आणि पुढे काय झालं, हे पाहायलाच आपण निघालो आहोत. चला तर.

मेंढी आडवी आली

पहिला मुक्काम सिल्व्हरस्टोन. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इथे विमानतळ बांधला गेला. वेलिंग्टन नावाच्या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक इथे शिकत. विमानतळासाठी मोकळं, उंचावरचं सपाट माळरान लागतं. आणि मोकळं माळरान म्हणजे वारा आलाच. ही वाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

युद्ध संपलं. विमानं गेली. मागे राहिल्या काँक्रीटच्या रिकाम्या धावपट्ट्या आणि त्यांच्या कडेने फिरणारा रस्ता. असा रस्ता दिसला की गाड्यांचं वेड असलेल्या माणसांचे पाय गप्प बसतात का? १९४७ साली काही मित्रांनी आपापल्या गाड्या तिथे नेल्या आणि परवानगी वगैरे न काढता शर्यत लावली. विमानतळावर तेव्हा मेंढ्या चरत असत. एक मेंढी नेमकी गाडीच्या आडवी आली. बिचारी मेंढी गेली आणि गाडीचाही चक्काचूर झाला. म्हणून त्या शर्यतीला लोक गमतीने 'मटण ग्रां प्री' म्हणतात!

पुढच्याच वर्षी इथे रीतसर शर्यत झाली. आणि १३ मे १९५० या दिवशी फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची सगळ्यात पहिली शर्यत याच सिल्व्हरस्टोनला झाली. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज ती पाहायला आले होते. शर्यत जिंकली इटलीच्या ज्युझेप्पे फारिनाने, अल्फा रोमिओ गाडीतून.

आज इथला शर्यतीचा रस्ता ५.८९१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या एका सरळ भागाचं नाव आहे 'हँगर स्ट्रेट', कारण तिथे विमानं ठेवायच्या शेड होत्या. दुसऱ्या भागाचं नाव 'वेलिंग्टन स्ट्रेट'. आपल्याकडे किल्ला पडून जातो, पण चौकाला नाव बुरुजाचंच राहतं ना, तसंच हे.

उलटा पंख

विमानतळाची आणि शर्यतीच्या गाडीची सोयरीक इथेच संपत नाही. शर्यतीची गाडी ही खरं तर उलटं विमान असते.

विमानाचा पंख वाऱ्यात असा कापत जातो की त्याच्यावर वरच्या दिशेने जोर लागतो आणि विमान उचललं जातं. आता तोच पंख उलटा करून गाडीला बसवा. जोर खाली लागेल. गाडी रस्त्यावर दाबली जाईल. टायर रस्त्याला घट्ट धरून ठेवतील आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाणार नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला पुढे एक पंख, मागे एक पंख आणि पोटाखालीही हवेसाठी खास वाट केलेली असते. ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे तर हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो! म्हणूनच सिल्व्हरस्टोनचं 'कॉप्स' नावाचं वळण चालक अडीचशेहून जास्त वेगात घेऊ शकतात.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. पंख मोठा केला तर दाब वाढतो, पण वारा गाडीला मागेही जास्त ओढतो. वळणावर कमावलेलं सरळ रस्त्यावर गमवायचं. मग पंख किती मोठा, किती तिरका, कुठे वळवायचा? उत्तर एका मिलिमीटरने चुकलं तरी फरक पडतो.

हे कळणार कसं? वाऱ्याला विचारूनच!

ब्रॅकलीचा बोगदा

सिल्व्हरस्टोनहून नैर्ऋत्येला बारा-एक किलोमीटर गेलं की ब्रॅकली गाव लागतं. इथे मर्सिडीज संघाचा कारखाना आहे. त्यांच्याकडे जे यंत्र आहे त्याला म्हणतात विंड टनेल, म्हणजेच वाऱ्याचा बोगदा.

कल्पना सोपी आहे. गाडी वाऱ्यातून पळते. त्याऐवजी गाडी जागेवर ठेवायची आणि वारा पळवायचा. एका टोकाला अवाढव्य पंखा. मधे गाडीचं मॉडेल, वरून एका दांड्याला धरलेलं. खाली जमिनीसारखा सरकणारा पट्टा, म्हणजे चाकं फिरतात आणि रस्ता मागे जातोय असं वाऱ्याला 'वाटतं'. मॉडेलच्या आत लपवलेली यंत्रं दाब किती पडला, ओढ किती लागली हे मोजत राहतात. मग पंखाचा तुकडा बदलायचा, पुन्हा वारा सोडायचा, पुन्हा मोजायचं.

ही युक्ती काही नवी नाही. विमान उडवणारे राइट बंधू आठवतात ना? १९०१ साली त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात जेमतेम सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि छोट्या छोट्या पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. तोवर छापलेल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पेटीने त्यांना खरे आकडे दिले आणि १९०३ साली त्यांचं विमान उडालं.

पण वाऱ्याच्या बोगद्याचीही दुखणी आहेत. तो बांधायचा म्हणजे अफाट खर्च. प्रत्येक नव्या कल्पनेसाठी मॉडेलचा नवा तुकडा घडवावा लागतो, त्यात दिवस जातात. शिवाय फॉर्म्युला वनच्या नियमांप्रमाणे मॉडेल खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांपेक्षा मोठं चालत नाही आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. खरी गाडी तर तीनशेच्या पुढे पळते! म्हणजे बोगदासुद्धा सगळं खरं सांगतोच असं नाही.

चौकटीची वही

आता ब्रॅकलीहून आणखी दक्षिणेला जाऊ या. गावाचं स्पेलिंग वाचाल तर 'बायसेस्टर' म्हणाल, पण तिथले लोक म्हणतात 'बिस्टर'. इथे निक वर्थ नावाच्या इंजिनिअरची कंपनी होती, वर्थ रिसर्च. हाच तो धाडसी माणूस.

वर्थसाहेब काही नवशिके नव्हते. १९९४ आणि १९९५ साली त्यांचा स्वतःचा फॉर्म्युला वन संघ होता, पुढे ते बेनेटन संघाचे मुख्य डिझायनर झाले. त्यांच्या कंपनीने अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी अक्युरा गाड्या आखल्या होत्या आणि २००९ साली त्यांतल्या एका गाडीने आपल्या गटाचं अजिंक्यपदही मिळवलं होतं. कॉम्प्युटरवर त्यांचा भरवसा बसला होता. त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरमध्ये गाडी पूर्ण मापाची ठेवता येते, पूर्ण वेगाने पळवता येते आणि पंख बदलायला सुतार-लोहार लागत नाहीत. मग बोगदा हवाच कशाला?

पण कॉम्प्युटरला वारा कळतो तरी कसा? तुमची गणिताची चौकटीची वही घ्या. तिच्या पानावर मधोमध गाडीचं चित्र काढा. गाडीभोवतीच्या मोकळ्या चौकटी म्हणजे हवा. आता प्रत्येक चौकटीत दोन-तीन आकडे लिहायचे. इथली हवा किती वेगाने, कुठल्या दिशेला चाललीय? तिचा दाब किती? शेजारच्या चौकटीतून हवा ढकलली गेली की या चौकटीतले आकडे बदलणार. हे बदलले की त्याच्या पुढच्या चौकटीतले बदलणार. कुजबुजत निरोप पुढे जातो तसा हा बदल पानभर पसरतो. असं पुन्हा पुन्हा करत राहायचं, आकडे बदलायचे थांबेपर्यंत. मग कुठे कळतं, की वारा गाडीवरून असा असा गेला.

फक्त खऱ्या कामात पान सपाट नसतं. गाडीच्या चारही बाजूंना, वर आणि खाली कोट्यवधी बारीक चौकोनी डबे करावे लागतात. आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला किती ढकलायचं याचा नियम फ्रान्सच्या नाव्हिए आणि आयर्लंडमध्ये जन्मलेल्या स्टोक्स या दोघांनी एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवला होता. त्यांची समीकरणं इतकी अवघड आहेत, की त्यांतल्या एका कोड्यासाठी २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. गणितात हुशार आहात ना? मग लक्षात ठेवा!

हे चौकटींचं डोकं कोणी चालवलं माहीत आहे? इंग्लंडचेच लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची गाडी चालवत. आणि मोकळ्या वेळात, कागद-पेन्सिल घेऊन हवामानाचं गणित करत! युरोपच्या नकाशावर चौकटी पाडून सहा तासांनी हवा कशी असेल ते त्यांनी हाताने काढलं. उत्तर आलं, की हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता! साफ चूक. पण गंमत पाहा, त्यांची रीत बरोबर होती. सुरुवातीला भरलेले आकडे ओबडधोबड होते, तिथे घोटाळा झाला होता.

रिचर्डसन यांनी हे अपयश लपवलं नाही. १९२२ साली पुस्तकात छापून टाकलं. वर एक स्वप्नही लिहिलं. नाट्यगृहासारखं एक प्रचंड गोल सभागृह, त्यात चौसष्ट हजार माणसं बसलीयत, प्रत्येकाकडे गणिताचा एक छोटा भाग. मधोमध एका उंच खांबावर मुख्य माणूस. जे पुढे पळतायत त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, मागे पडलेल्यांवर निळा! आज हेच काम सुपरकॉम्प्युटरमधले हजारो प्रोसेसर करतात, काम वाटून घेऊन, एकाच वेळी. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली आपला 'परम ८०००' बनवला तो याच वाटून घेण्याच्या रीतीवर.

गाडी रस्त्यावर आली

२००९ साली फॉर्म्युला वनच्या चालकांनी नव्हे, चालवणाऱ्या संघटनेने जाहीर केलं, की पुढच्या वर्षी संघांच्या खर्चाला चार कोटी पौंडांची मर्यादा घालायचा विचार आहे. तेव्हाच्या भावाने सुमारे तीनशे कोटी रुपये. आपल्याला ही रक्कम डोळे पांढरे करणारी वाटते, पण मोठे संघ याच्या कितीतरी पट खर्च करत. मर्यादा येणार म्हटल्यावर छोट्यांना आशा वाटली आणि नव्या संघांनी अर्ज केले. त्यांतलाच एक पुढे 'व्हर्जिन रेसिंग' झाला. त्यांची गाडी आखायचं काम वर्थ यांच्याकडे आलं. पुढे मोठ्यांनी विरोध केला आणि ती मर्यादा काही आलीच नाही. छोटे मात्र मैदानात उतरून बसले होते!

फेब्रुवारी २०१० मध्ये काळ्या-लाल रंगाची व्हीआर-०१ जगासमोर आली. फॉर्म्युला वनमधली, पूर्णपणे कॉम्प्युटरवर आखलेली पहिली गाडी. ती पहिल्यांदा पळाली सिल्व्हरस्टोनवरच. म्हणजे ज्या माळावर खरा वारा सुटतो, तिथेच तिला पहिल्यांदा खरा वारा लागला.

सगळे टक लावून बसले होते. काही दिवसांनी स्पेनमध्ये हेरेझच्या चाचणीत चालक टिमो ग्लॉकच्या गाडीचा पुढचा पंख निसटून पडला. सुदैवाने ग्लॉकला काही झालं नाही. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, दोस्तांनो. १९९४ साली इटलीतल्या इमोलाच्या रस्त्यावर वर्थ यांच्याच जुन्या संघाचा चालक रोलांड रात्झनबर्गर पुढचा पंख तुटल्यामुळे गाडीवरचा ताबा जाऊन मृत्युमुखी पडला होता. कागदावरच्या किंवा पडद्यावरच्या आकड्यांच्या मधोमध शेवटी एक जिवंत माणूस बसलेला असतो.

मार्चमध्ये बहरीनला पहिली शर्यत झाली. पात्रता फेरीत ग्लॉक सगळ्यात वेगवान गाडीपेक्षा सुमारे पाच सेकंदांनी मागे होता. पाच सेकंद म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण इथे सेकंदाच्या हजाराव्या भागावरून नंबर ठरतात! शर्यतीत तर संघाच्या दोन्ही गाड्या मधेच बंद पडल्या.

आणि मग एक भलतीच गोष्ट बाहेर आली. गाडीची पेट्रोलची टाकी लहान पडत होती! त्या वर्षापासून शर्यतीच्या मधे इंधन भरायला बंदी आली होती. म्हणजे सगळं इंधन सुरुवातीलाच भरायचं. आणि व्हर्जिनच्या टाकीत शेवटपर्यंत पुरेल एवढं इंधनच मावेना. पूर्ण वेगाने पळालं तर काही शर्यतींत गाडी वाटेतच थांबणार. संघाने नियामकांकडे खास परवानगी मागितली, गाडीचा सांगाडा बदलला आणि मे महिन्यात स्पेनच्या शर्यतीपासून मोठ्या टाकीची गाडी आली.

सगळीकडे हशा पिकला. 'घ्या, कॉम्प्युटरवर गाडी केली आणि टाकी चुकली!'

चूक कोणाची?

आता तुम्हीच न्यायाधीश व्हा. टाकी लहान झाली यात वाऱ्याच्या गणिताचा दोष होता का? नव्हता. टाकीचं माप आदल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. किती इंधन लागेल याचा तो अंदाज होता आणि तो चुकला. गाडी बोगद्यात शंभरदा उभी केली असती तरी टाकी लहानच राहिली असती. निसटलेल्या पंखाचंही तसंच. त्याची पकड कच्ची पडली होती.

मग गाडी हळू होती, तो दोष कॉम्प्युटरचा का? इथेही थांबा. त्या वर्षी आणखी दोन नवे संघ आले होते, लोटस आणि हिस्पानिया. लोटसची गाडी वाऱ्याच्या बोगद्यात तपासलेली होती. तरी बहरीनच्या पात्रता फेरीत ती ग्लॉकच्याही मागे होती! हिस्पानियाकडून आपला चेन्नईचा करुण चंधोक गाडी चालवत होता. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला ग्लॉक अठरावा आला आणि त्याच्या पाठोपाठ करुण एकोणिसावा. वर्षअखेर लोटस दहावा, हिस्पानिया अकरावा आणि व्हर्जिन बारावा, म्हणजे शेवटचा. तिघांनाही एकसुद्धा गुण मिळाला नाही. थोडे पैसे, थोडा वेळ आणि नवी माणसं असली की असंच होतं. तेवढ्यावरून कॉम्प्युटरला नापास करता येणार नाही.

खरी परीक्षा झाली दुसऱ्या वर्षी. २०११ ची गाडीही वर्थ यांनी बोगद्याशिवायच आखली. लोटस एव्हाना बराच पुढे सरकला होता. व्हर्जिन मात्र होता तिथेच होता. शर्यतीत गाडी कुठे कमी पडते ते दिसत होतं, पण पडद्यावरचा वारा आणि रस्त्यावरचा वारा नेमके कुठे वेगळे वागतायत हे शोधायला मधली पायरीच नव्हती. जून २०११ मध्ये संघाने वर्थ यांच्याशी काडीमोड घेतला आणि मॅक्लारेनशी करार करून वाऱ्याच्या बोगद्याची वाट धरली. या संघाला, पुढे बदललेल्या नावाने, पहिले गुण मिळायला २०१४ साल उजाडावं लागलं.

पडद्यावरचा वारा चुकतो तो कुठे? घरात देवापुढे उदबत्ती लावतात ना, तिचा धूर एकदा नीट पाहा. पंखा बंद करा आणि श्वास जरा जपून घ्या. धूर वीतभर अगदी दोरीसारखा सरळ वर जातो. मग एकाएकी त्याचे वेटोळे होतात, भोवरे सुटतात, भोवऱ्यात आणखी छोटे भोवरे. सरळ धुराचं गणित सोपं आहे. पण भोवऱ्यातले भोवरे इतके बारीक असतात, की आपल्या चौकटीत मावतच नाहीत, चौकटीपेक्षाही लहान! तिथे कॉम्प्युटरला अंदाजाने आकडा धरावा लागतो. आणि शर्यतीच्या गाडीची चाकं उघडी असतात. ती फिरताना असेच हजारो भोवरे मागे सोडतात.

बोगद्याचीही फजिती

'म्हणजे बोगदाच बरोबर!' असं म्हणायची घाई करू नका. चला, परतीच्या वाटेवर पुन्हा ब्रॅकलीला डोकावू.

२०२२ साली गाड्यांच्या आकाराचे नियम बदलले. मर्सिडीज संघाने त्याआधी सलग आठ वर्षं संघांचं अजिंक्यपद जिंकलेलं. उत्तम बोगदा, उत्तम कॉम्प्युटर, शेकडो इंजिनिअर. नवी गाडी रस्त्यावर आली आणि सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात, बेडकासारखी उड्या मारू लागली! वारा पोटाखालून गाडीला रस्त्याकडे ओढायचा, गाडी फार खाली गेली की वाऱ्याची वाट बंद व्हायची, ओढ सुटायची, गाडी वर उसळायची आणि पुन्हा तेच. चालकांच्या पाठी भरून आल्या. हे फक्त मर्सिडीजचंच नव्हे, बऱ्याच संघांचं झालं. मर्सिडीजच्या बोगद्यातल्या मॉडेलने त्यांना आधी सावध केलं नव्हतं आणि कॉम्प्युटरनेही नाही.

आता सगळे संघ दोन्ही वापरतात. आधी कॉम्प्युटरवर पुष्कळ कल्पना चाळून काढायच्या, त्यांतल्या निवडक बोगद्यात न्यायच्या आणि उरलेल्या रस्त्यावर. नियमसुद्धा मजेदार आहे. आदल्या वर्षी जो संघ पहिला आला त्याला बोगदा आणि कॉम्प्युटर सगळ्यात कमी वापरायला मिळतो, मागच्यांना जास्त. २०२२ साली विजेत्याला ठरलेल्या प्रमाणाच्या ७० टक्के, तर दहाव्या संघाला ११५ टक्के. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला सरावाला कमी वेळ! तुमच्या शाळेत असा नियम चालेल का, विचारा बघू बाईंना.

ताळा

आपली सहल संपत आली. शेवटी पुन्हा सिल्व्हरस्टोनच्या माळावर येऊ. दर जुलैमध्ये इथे 'फॉर्म्युला स्टुडंट' नावाची स्पर्धा भरते. जगभरातली कॉलेजातली मुलं स्वतः बनवलेल्या छोट्या शर्यतीच्या गाड्या घेऊन येतात. मुंबईत पवईला आहे त्या आयआयटीच्या मुलांचा संघही आपली विजेवर चालणारी गाडी घेऊन इथे आलेला आहे. इथे नुसतं वेगाने पळून भागत नाही. परीक्षक गाडीभोवती उभे राहतात आणि विचारतात, 'हा भाग असाच का केला?' मुलं कॉम्प्युटरची रंगीत चित्रं दाखवतात. त्यावर परीक्षकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'बरं, पण हे खरं आहे हे तपासलंत कसं?'

ओळखीचा वाटतोय ना हा प्रश्न? भागाकार झाल्यावर गुरुजी म्हणतात, 'आता ताळा करून दाखव.' भाजकाने भागाकाराला गुणायचं, बाकी मिळवायची आणि मूळची संख्या येते का पाहायचं. किती कंटाळा येतो आपल्याला त्या ताळ्याचा! उत्तर तर आलंय, मग पुन्हा कशाला?

राइट बंधूंनी छापील आकड्यांचा ताळा एका लाकडी पेटीत केला. रिचर्डसन यांनी आपल्या गणिताचा ताळा खऱ्या हवेशी केला, तो चुकला, आणि चुकला म्हणून सगळ्यांना सांगितलं. म्हणून तर पुढच्यांना चूक शोधता आली आणि १९५० साली कॉम्प्युटरवर हवामानाचे पहिले अंदाज निघाले. निक वर्थ यांचं धाडस काही वेडेपणाचं नव्हतं. त्यांच्याकडे वाऱ्याचं उत्तर होतं. ताळा करायची जागा मात्र शर्यतीच्या रस्त्याखेरीज कुठेच उरली नव्हती आणि तिथे चूक सापडली की ती सगळ्या जगाला दिसते.

आता ॲटलास मिटा. आणि आज संध्याकाळी उदबत्ती लागली, की घटकाभर तिच्यासमोर बसा. धूर नेमका कुठे वळायला लागतो, ते आधी मनाशी ठरवा. बोटाने हवेत खूण करा. मग वाट पाहा.

तुमचा ताळा जमतो का, बघा बरं!